देवळालीची स्पीड बॅग आणि सतराचा पाना

लांबलचक लिहिणारे, आधीच सांगतो. जुनं सामान जमवायचं वेड असलेल्या कुणाचे तरी पैसे वाचावेत म्हणून लिहितोय, माझे तर गेले ते गेले. रोख आणि ऑनलाइन मिळून ३४ हजार, आणि वरून एक अशी वस्तू गेली जिची किंमत मला लावताच येत नाही, ते पुढे सांगतो.

मी सातपूर एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, २२ वर्षं झाली. शाळेत असताना पंचवटीत तालमीत जायचो, तिथे कुस्तीच जास्त, पण एका कोपऱ्यात बॉक्सिंगचं थोडं सामान होतं आणि त्यात एक स्पीड बॅग. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी, पेरूएवढी नाही आणि भोपळ्याएवढी पण नाही अशी चामड्याची फुगीर पिशवी, आत रबरी ब्लॅडर, वर लाकडाची गोल फळी आणि मध्ये स्विव्हल, म्हणजे बॅग टांगायचा फिरता हुक. एक ठोसा दिला की ती फळीवर मागे, पुढे, परत मागे अशी तीनदा आपटते आणि मगच दुसरा ठोसा द्यायचा, हा ताल बसला की जो तडतड तडतड आवाज येतो ना, तो एकदा डोक्यात शिरला की निघत नाही. तालमीतली बॅग फाटली तेव्हा वस्तादांनी ती मला देऊन टाकली, तिथून हे खूळ सुरू झालं. आज घरी तीन जुन्या बॅगा आहेत, दोन जालंधरच्या आणि एक कुठली ते अजून कळलेलं नाही.

हे काम निवांत करायचं असतं. चामडं कोरडं पडून लाल भुकटी सुटायला लागली असेल तर तेल पाजून काही होत नाही, ते गेलंच समजा. पण जिवंत असेल तर आधी सॅडल सोपने (चामड्याचा साबण) पुसायचं, वाळू द्यायचं, मग तेलाचा अगदी पातळ हात. जास्त तेल पाजलं की चामडं लुळं पडतं आणि शिलाई सैल होते, माझी पहिली बॅग मी अशीच लाड करून मारली. पावसाळ्यात बुरशी येते म्हणून आमच्याकडे गहू पंख्याखाली नसतो पण बॅगा असतात, यावरून बायकोची बोलणी कायमची ठरलेली.

आता त्या वस्तूबद्दल. चार वर्षांपूर्वी गोदाघाटावर बुधवारच्या बाजारात एका जुन्या सामानवाल्याकडे गंजाचा गोळा मिळाला, ३५० रुपयांना. त्याला वाटत होतं झुंबराचा हुक आहे. मी ओळखलं, स्पीड बॅगेचा स्विव्हल. आठ दिवस रॉकेलमध्ये ठेवला, पितळी ब्रशने घासला, आतली गोळी आमच्या ओळखीच्या लेथवाल्याकडून नवीन करून घेतली. थ्रेड गेज (स्क्रूचे आटे मोजायची पट्टी) लावला तर ५५ डिग्रीचा व्हिटवर्थ आटा, इंग्रजांचं जुनं माप! म्हणजे ब्रिटिश वळणाचा जुना माल. पॉलिशच्या नादात हुकाजवळ माझ्याकडून कानशीचा एक तिरपा घाव बसला तेवढाच डाग, पण फिरायचा असा की फुंकर मारली तरी हलेल.

त्याच्यासाठी जोडीची फळी आणि बॅग शोधत होतो. सेकंडहँड सामानाच्या ॲपवर एक जाहिरात दिसली, "१९२० च्या सुमाराची एव्हरलास्ट स्पीड बॅग, ओरिजिनल फळीसकट". आता एव्हरलास्ट कंपनीचं मला माहीत होतं, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये १९१० ला सुरू झाली, आधी पोहायचे कपडे बनवायचे, मग बॉक्सिंगमध्ये आले आणि बॉक्सर जॅक डेम्प्सीने १९१९ साली जगज्जेत्या विलार्डला झोपवलं तेव्हा हातात त्यांचेच ग्लोव्हज होते म्हणे. त्या काळातली बॅग नाशिकला मिळणार? मी मेसेज टाकला. माणूस गोड बोलणारा, आधी सर सर, मग भाऊ भाऊ. चार दिवस गप्पाच मारल्या, आणि त्या गप्पांत मी आजोबांचं सांगितलं.

माझे आजोबा इंग्रजांच्या काळात नाशिकजवळच्या देवळालीच्या लष्करी कॅम्पात मेसमध्ये भांडी घासायला होते. बराकीच्या मागे एक गोरा रोज सकाळी लटकवलेल्या चेंडूला ठोसे मारायचा, आणि तो आवाज आजोबा आम्हाला तोंडाने काढून दाखवायचे, जीभ टाळूला लावून, तड्तड तड्तड तड्तड. म्हातारपणी दात गेल्यावर पण जमायचं त्यांना. मला वाटतं माझं वेड तालमीतून नाही, तिथूनच आलंय. हे सगळं मी त्या माणसाला रात्री साडेअकराला टाइप करून पाठवलं. कुणी विचारलं पण नव्हतं!

दोन दिवसांनी त्याचा फोन. म्हणे भाऊ, तुम्हाला म्हणून सांगतो, ही बॅग देवळालीच्या एका पारशी बंगल्यातून निघालीये, कॅम्पातला कुणी साहेब जाताना देऊन गेला होता. मी खुर्चीवरून उठून गॅलरीत गेलो. हातपाय गार, खरं सांगतो. किंमत ३४ हजार, मी घासाघीस केली नाही, आयुष्यात मी मेथीच्या जुडीला पण घासाघीस करतो. दहा हजार तिथल्या तिथे यूपीआयने टाकले.

बायको म्हणाली, "अहो, माणूस तरी पाहिलाय का तुम्ही?" मी म्हटलं तुला नाही कळणार.

नाशिकच्या द्वारका चौकात भेटायचं ठरलं, तो म्हणाला मी मुंबईला निघालोय, उड्डाणपुलाखाली पाच मिनिटं थांबतो. संध्याकाळचे साडेसात, पाऊस भुरभुरतोय, मागून रिक्षावाले हॉर्न मारतायत, गाडीची डिकी उघडली आणि मोबाइलच्या उजेडात मी बॅग पाहिली. काळपट तपकिरी, भेगा पडलेली, लेबल विरलेलं. चोवीस हजार रोख दिले. आणि मग तो म्हणाला, तुमचा स्विव्हल आणलाय ना? (आणायला त्यानेच सांगितलं होतं.) हातात घेऊन बघितला, म्हणे भाऊ हा तर याच फळीचा भाऊ आहे, माझ्याकडे जुन्या पद्धतीचं निकेल करणारा कारागीर आहे, आठ दिवसांत फळीला मॅच करून पाठवतो, पैसे पण नकोत. मी दिला. फडक्यात गुंडाळून दिला वर.

घरी आलो, ट्यूबलाइटखाली फळी ठेवली, ब्रॅकेट सोडवावं म्हणून हाताला लागला तो पाना घेतला. सतराचा. बोल्टच्या डोक्यावर टप्पकन बसला.

कामावरच्या लोकांना कळलं असेल. सतराचा पाना म्हणजे आपला रोजचा एम-१० बोल्ट, मिलिमीटरवाला. १९२० च्या अमेरिकन मालाला इंचातले बोल्ट पाहिजेत, त्यावर सतराचा एक तर शिरत नाही नाही तर गोल फिरतो. बावीस वर्षं हा पाना माझ्या हातात आहे, झोपेत ओळखेन मी. दोन मिनिटं तसाच बसलो, मग म्हटलं बोल्ट नंतर बदलले असतील. माणूस स्वतःला कसा समजावतो बघा.

मग रात्रभर एकेक निघत गेलं. फळीला प्लसचे स्क्रू, आणि ते बाजारात आले १९३० नंतरच्या दशकात. लेबलवर न्यूयॉर्कच्या पत्त्यापुढे पाच आकडी झिप कोड (तिकडचा पिनकोड), जो अमेरिकेत १९६३ ला सुरू झाला. शिलाईचा लोंबता दोरा तोडून काडी लावली तर राख व्हायच्या ऐवजी वितळून कडक मणी झाला, नायलॉन, जे १९३८ च्या आधी जगाला माहीतच नव्हतं. लेस सोडून चामड्याची कापलेली कड पाहिली तर आत निळसर करडा रंग, म्हणजे क्रोमचं कमावलेलं, झाडाच्या सालीत कमावलेलं जुनं चामडं आतपर्यंत तपकिरी असतं (क्रोमचं १९२० लाही मिळायचं, म्हणून एकट्या यावरून काही ठरत नाही). वास चहाचा आणि बूट पॉलिशचा. ओल्या फडक्याने पुसलं तर शंभर वर्षं फडक्यावर आली.

सगळ्यात राग आला तो फळीच्या खालच्या बाजूचा. खरी वापरलेली फळी असेल ना तर बॅग आपटून आपटून तिथे काळं कडं पडतं, पण ते सारखं नसतं, मारणारा एका बाजूला उभा असतो त्यामुळे पुढे आणि मागे गडद, बाजूंना फिकं. इथे कडं होतं, सुंदर गोल, कंपासने आखल्यासारखं, चारी बाजूंनी सारखं. तसंच बॅगेचं, भेगा सगळीकडे सारख्या आणि वरचा टांगायचा लूप, जो सगळ्यात आधी ताणून लांबतो, तो कोरा करकरीत. घाई नसती, उजेड असता, तर हे मला डिकीतच दिसलं असतं. म्हणून तर पूल, पाऊस आणि साडेसात. दिवसाउजेडी बघू द्यायला कुणी टाळाटाळ केली तर तिथूनच घरी या, वस्तू कितीही भारी असली तरी, आणि खिशात एक पाना, एक भिंग आणि काडेपेटी ठेवा.

आठव्या दिवशी फोन बंद. पंधराव्या दिवशी प्रोफाइल गायब. मी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० नंबरवर, फोन केला तोपर्यंत दोन आठवडे उलटून गेले होते, हा नंबर पैसे गेल्या गेल्या लावायचा असतो, तसे ते अडवता येण्याची शक्यता तरी असते. दहा हजारांची तक्रार नोंदवली. चोवीस हजारांची पावती नाही, स्विव्हलचा तर फोटो पण माझ्याकडे एकच, तोही जाळीवर वाळत घातलेल्या कपड्यांत अर्धा. विकत घेतलेल्याची पावती सोडा, आपल्याकडच्या वस्तूंचे तरी नीट फोटो काढून ठेवा, आट्याचे, डागांचे, सगळ्याचे.

पण मला झोप उडवणारी गोष्ट वेगळीच होती. तक्रारीसाठी चॅटचे स्क्रीनशॉट काढताना मी पहिल्यापासून वाचलं. १४ ऑगस्टला त्याने लिहिलंय, "ठाण्याच्या एका जुन्या जिमखान्यातला माल आहे सर." १६ ला रात्री माझा तो भलामोठा आजोबांचा मेसेज. १८ ला ठाणं गायब आणि देवळाली हजर. देवळाली त्याने आणलीच नाही, मीच त्याच्या हातात दिली आणि दोन दिवसांनी त्याच्याकडून ३४ हजाराला परत घेतली. आट्याचा अँगल मोजणारा माणूस मी, त्याच्या पहिल्या मेसेजमधलं ठाणं मला आठवलं नाही. इंग्रजीत भ्रमिष्ट झालेल्याला डूलाली म्हणतात, तो शब्द देवळालीवरूनच गेलाय म्हणे, कॅम्पात बोटीची वाट बघून सोल्जर वेडे व्हायचे. मी नाशिकमध्ये बसल्या बसल्या झालो. तेव्हापासून कुणालाही मी काय शोधतोय आणि का शोधतोय ते सांगत नाही, आधी समोरच्याकडून वस्तू कुठून आली ते लिहून घेतो, आणि आठवड्याने सहज म्हणून परत विचारतो.

बॅग टाकून नाही दिली. ब्लॅडर चांगला निघाला, फळी घट्ट आहे, तालमीत नेऊन लावली, पोरं बडवतात. नवीन माल म्हणून वाईट नाही, दीड-दोन हजाराचा असेल.

आता गेल्या महिन्याचं. दुसऱ्या एका ॲपवर पोराने दाखवलं, "बाबा, हे तुमच्यासारखं दिसतंय." जुना ब्रिटिश स्विव्हल, २२ हजार. फोटो मोठा करून पाहिला, हुकाजवळ कानशीचा तिरपा घाव. निकेल वगैरे काही केलेलं नाही, जसा दिला तसाच. आणि खाली लिहिलं होतं, "माझे आजोबा देवळाली कॅम्पात मेसमध्ये होते, त्यांच्याकडची आठवण आहे. ते तोंडाने बॅगेचा आवाज काढून दाखवायचे."

जाहिरातीचे स्क्रीनशॉट तक्रारीला जोडले. पण त्याआधी मेहुण्याच्या नंबरवरून मी फोन लावला होता. त्याने उचलला, तोच गोड आवाज. मी म्हटलं घ्यायचाय, फक्त एक करा, आजोबा कसा आवाज काढायचे तो काढून दाखवा ना.

जरा वेळ काहीच बोलला नाही, मग म्हणाला, "भाऊ, घ्यायचंय का टाइमपास करताय?"