नायट्रो ट्रक: पाण्याने धुवावा की स्पिरिटने पुसावा?

नायट्रो ट्रक, म्हणजे नायट्रोच्या इंधनावर चालणाऱ्या छोट्या इंजिनाचा रिमोटचा ट्रक, मैदानावरून घरी आणल्यावर तो साफ कसा करावा, याविषयी या छंदातल्या लोकांचे दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष बादली, भांड्याचा साबण आणि नळीचे पाणी घेऊन बसतो, ट्रक सरळ धुऊन काढतो आणि हवेने वाळवतो. दुसरा पक्ष ट्रकला पाणी लागू देत नाही. तो आधी ब्रशने माती झाडतो आणि मग स्पिरिटने, म्हणजे आपल्याकडे सहज मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने, एकेक भाग पुसतो. मी दोन्ही पद्धती पुरेशा वापरल्या आहेत, आणि दोन्हींच्या बाजूने बोलण्यासारखे खरोखरच आहे. वाचणाऱ्याकडे ट्रक आहे आणि ग्लो प्लग, क्लच बेल, ट्यूनिंगच्या सुया या गोष्टी त्याला ठाऊक आहेत, असे धरूनच पुढचे लिहितो.

आधी मळाविषयी, कारण निवड त्यावरच ठरते. नायट्रोच्या इंधनात मिथेनॉल आणि नायट्रोमिथेन यांच्याबरोबर तेल मिसळलेले असते आणि त्या तेलात बहुतेक वेळा एरंडेलाचा वाटा असतो. हे तेल सिलिंडरमध्ये पुरते जळत नाही. ते पाइपातून बाहेर पडते आणि चेसिसच्या मागच्या भागावर, सस्पेन्शनच्या हातांवर आणि चाकांच्या आतल्या बाजूला पातळ थर धरून बसते. खानदेशात त्या थरावर जो फुफाटा येऊन चिकटतो तो काळ्या मातीचा असतो. जिनिंगच्या आसपास ट्रक पळवणाऱ्यांना वर कापसाचे तूसही मिळते, आणि ते एक्सलभोवती असे आवळून बसते की ब्लेडने कापावे लागते. आता हे एरंडेल अल्कोहोलमध्ये चांगले विरघळते (इंधनाच्या बाटलीत ते मिथेनॉलमध्ये विरघळलेलेच असते), पण पेट्रोल किंवा रॉकेलमध्ये नीट विरघळत नाही. त्यामुळे मोटारसायकलच्या गॅरेजमधील सवयीने मगभर पेट्रोल आणि जुना ब्रश घेऊन बसण्यात फारसा अर्थ नाही. शिवाय पेट्रोलने इंधनाच्या सिलिकॉन नळ्या फुगतात. हा तिसरा मार्ग मी तुलनेत घेतलेलाच नाही.

पाण्याच्या बाजूने पहिली गोष्ट अशी की ते फुकट आहे आणि वेगवान आहे. भांड्याचा साबण तेल उचलतो, हे कोणत्याही स्वयंपाकघरात सिद्ध झालेले आहे. टायर, रिम, बंपर आणि वरची पॉलिकार्बोनेटची बॉडी यांच्यासाठी तर साबणपाण्यासारखे दुसरे काही नाही. बॉडीला कडक सॉल्व्हंट लावले तर तिला बारीक तडे जाण्याची भीती असते, म्हणून स्पिरिटवाले लोकही बॉडी पाण्यानेच धुतात आणि मीही तेच करतो. घरी परतायला अंधार पडला असेल आणि सकाळी कामावर जायचे असेल, तर पाणी मारून ट्रक गच्चीवर उलटा टाकून ठेवणे किती सोयीचे वाटते, हे मला चांगले माहीत आहे.

पण पाण्याची तयारी पाण्यापेक्षा मोठी असते. कार्ब्युरेटरचे तोंड आणि पाइपाचे टोक घट्ट बंद करावे लागते, आणि एअर फिल्टर आधीच काढून ठेवावा लागतो. रिसीव्हरचा (रिमोटचे संकेत घेणाऱ्या भागाचा) डबा जलरोधक नसेल तर रिसीव्हर फुग्यात घालून फुग्याचे तोंड बांधावे लागते, आणि हा उपाय हसण्यासारखा दिसला तरी उत्तम चालतो. सर्वो (स्टिअरिंग आणि थ्रॉटल हलवणारी छोटी मोटर) मात्र फुग्यात घालणे तितके सोपे नसते. धुऊन झाल्यावर खरे काम सुरू होते, कारण पाणी चाकांच्या आणि क्लच बेलच्या बेअरिंगमध्ये शिरलेले असते आणि ते त्याच संध्याकाळी काढले नाही तर पुढच्या खेपेला बेअरिंग खरखरते. यांतील पुष्कळशी बेअरिंगे ५×११×४ मिलिमीटरसारख्या बारीक मापाची असतात. आपल्याकडे मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात ६२०१ किंवा ६२०२ क्रमांकाचे बेअरिंग हवे तेवढे मिळते, पण हे बारीक माप मागितले तर दुकानदार प्रथम आपल्याकडे आणि मग कपाटाकडे पाहतो. म्हणजे मागवणे आले, आणि ते येईपर्यंत ट्रक उभा.

पाणी हटवण्यासाठी लोक डब्ल्यूडी-४० मारतात. ते पाणी बाजूला सारण्यासाठीच बनवलेले आहे, त्यामुळे त्या कामात ते वाकबगार आहे. पण ते मारताना ब्रेकच्या चकतीवर आणि क्लचच्या शूजवर उडाले की पुढच्या फेरीत ब्रेक लागत नाही आणि क्लच घसरतो. बेअरिंगमधले मूळ ग्रीसही ते पातळ करून टाकते, म्हणून त्यानंतर हलक्या तेलाचा थेंब प्रत्येक बेअरिंगला द्यावाच लागतो. उलट स्पिरिट चकतीवर पडले तर चकती स्वच्छच होते. बेअरिंगमध्ये ते जिरवू नये, एवढे पथ्य मात्र त्यालाही आहे.

एवढ्यावर थांबलो असतो तर दोन्ही पद्धती उन्नीस-बीस आहेत असे म्हणालो असतो. बेअरिंग सांभाळणारा मनुष्य पाणी वापरूनही सुखाने राहू शकतो. माझे पारडे ज्या गोष्टीमुळे झुकले ती दिसायला अगदी क्षुल्लक आहे: स्क्रूच्या डोक्यातली माती.

चेसिसच्या तळाशी जे काउंटरसंक (डोके पृष्ठभागात बुडणारे) स्क्रू असतात त्यांची डोकी जमिनीकडे असतात, आणि इंजिन उतरवायचे, क्लच उघडायचे किंवा स्पर गिअर बदलायचा तर त्यांतले काही काढावेच लागतात. त्यांच्या षटकोनी खाचेत २ किंवा २.५ मिलिमीटरची एलन की तळापर्यंत बसली तरच स्क्रू फिरतो. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसून भेगाळते, हे शेतात पाय ठेवलेल्या कोणालाही सांगायला नको. सपाट प्लॅस्टिकवर या स्वभावाचा फायदाच होतो, कारण वाळलेली माती आपणहून खपल्या धरते. खाचेत मात्र खपली सुटायला जागाच नसते. पाण्याच्या धारेने तेलकट माती पातळ होऊन प्रत्येक खाचेत शिरते, तळापर्यंत भरते आणि दुसऱ्या दिवशी विटेसारखी टणक होते. मग की अर्धीच बसते, सगळा जोर खाचेच्या वरच्या काठावर येतो आणि खाच गोल होते. इंजिनाच्या माउंटचे स्क्रू धातूत जात असल्यामुळे त्यांना थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावलेले असते, आणि खाच गोल झालेला असा स्क्रू काढायचा म्हणजे ड्रिल घेऊन बसणे आले. हे टाळायचे तर प्रत्येक खाच सुईने कोरून घ्यावी लागते. धुण्यात वाचलेला सगळा वेळ या कोरण्यात जातो, आणि वर डोळे व मान दुखते ती वेगळी. चेसिस बाहेरून शोरूममधल्यासारखी लखलखीत दिसत असताना एकही स्क्रू हाताला दाद देत नाही, यासारखा चिडचिडीचा प्रकार या छंदात मला दुसरा भेटलेला नाही.

कोरड्या पद्धतीत ही माती भिजतच नाही. खाचेत जमलेला मळ तेलकट पण मऊ असतो. जुन्या टूथब्रशवर स्पिरिट घेऊन दोन वेळा फिरवले की तेल सुटते आणि माती निघून येते. फार खोल असेल तर थेंब टाकून क्षणभर थांबायचे आणि टाचणीने उचलायचे. माझ्या अनुभवात एवढ्या एका फरकाने दुरुस्तीचे काम निम्म्यावर येते. मोजमाप मी केलेले नाही, पण पाण्याने धुतलेला ट्रक उघडायचा म्हटले की मी टाळाटाळ करतो आणि दुसरा सहज उघडतो, हे मला पुरेसे वाटते. ट्रक सहज उघडला जातो म्हणून त्याची देखभालही वेळेवर होते.

आता स्पिरिटच्या खोडीही सांगितल्या पाहिजेत. ते पेट घेते, म्हणून इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय बाटली उघडू नये, आणि देवघराच्या किंवा गॅसच्या आसपास हे काम करू नये. टाकीत राहिलेले इंधनही आधीच काढून घ्यावे, कारण मिथेनॉलची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. हातात मोजे घालावेत आणि दार-खिडकी उघडी असावी. दुसरी अडचण खास आपल्या भागाची आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांना टेकतो तेव्हा स्पिरिट ब्रश फिरवण्याआधीच उडून जाते आणि मळ होता तिथेच राहतो. उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर, सावलीत आणि एका वेळी वीतभर भागावरच करावे लागते. बाटली घेताना ९९ टक्क्यांची घ्यावी. ७० टक्क्यांच्या बाटलीत बाकीचे पाणीच असते, म्हणजे ज्याला टाळायचे तेच पैसे देऊन घरात आणल्यासारखे होते. आणि खर्च आहेच. पाणी फुकट आणि स्पिरिट विकत, या हिशेबावर माझ्याकडे उत्तर नाही. एवढेच म्हणतो की आधी ब्रशने नीट झाडले तर स्पिरिट वाटते त्यापेक्षा बरेच कमी लागते.

झाडण्यासाठी पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा मोह सर्वांनाच होतो. ‘दादा, जरा हवा मारून द्या’ म्हटले की कोणी नाही म्हणत नाही. पण पावसाळ्यात त्या टाकीत साठलेले पाणी हवेबरोबर येते, आणि नोझल जवळून धरली तर धूळ बाहेर जाण्याऐवजी बेअरिंगच्या सीलमधून आत जाते. हातभर अंतर ठेवून आणि बेअरिंगवर थेट रोख न धरता मारलेली हवा दोन्ही पद्धतींना उपयोगी पडते.

पावसाळ्यात पाण्याचा पक्ष सर्वांत बळकट वाटतो, कारण चाकांना गाऱ्याचे गोळेच्या गोळे लागलेले असतात आणि स्पिरिट ओल्या गाऱ्यासमोर निरुपयोगी आहे. तरीही मी घाई करत नाही. मोठे गोळे काडीने काढून ट्रक रात्रभर वाळू दिला की काळी माती आपल्या स्वभावाने तडकते आणि उघड्या भागांवरून हाताने सोलल्यासारखी निघते; मग तेलकट भागांपुरते स्पिरिट पुरते. ज्यांना घरात एवढी घाण रात्रभर ठेवता येत नाही त्यांनी फक्त चाके काढून ती धुवावीत आणि चेसिसला पाणी लावू नये, हा मधला मार्ग मला मान्य आहे. गिरणेच्या किंवा तापीच्या वाळूत चालवणाऱ्यांचे गणित वेगळे आहे. वाळू चिकटत नाही, फुगत नाही, आणि स्क्रूच्या खाचेतून फुंकरीनेही निघते. तिथे पाणी वापरले तर माझी हरकत नाही, मात्र वाळूचा कण बेअरिंगमध्ये मातीपेक्षा जास्त नुकसान करतो, म्हणून बेअरिंगची काळजी दुप्पट घ्यावी लागते.

बोअरचे जड पाणी हा आणखी एक मुद्दा. सिलिंडरच्या डोक्यावरच्या ॲल्युमिनिअमच्या पंखांवर ते वाळून पांढरे डाग धरते. चालण्यावर त्याचा फारसा परिणाम होत नाही, पण ज्याने चमक यावी म्हणून धुतले त्याचा हेतू तेवढ्यापुरता फसतो. त्या पंखांवर जळून तपकिरी झालेले एरंडेल मात्र साबणानेही जात नाही आणि स्पिरिटनेही जात नाही. या बाबतीत दोन्ही पद्धती सारख्याच हतबल आहेत.

इंजिनाच्या आतल्या बाजूसाठी पद्धतीची निवड मुळी लागूच होत नाही. शेवटच्या फेरीनंतर नळी चिमटीत दाबून उरलेले इंधन जाळून संपवायचे, ग्लो प्लगच्या भोकातून आणि कार्ब्युरेटरमधून आफ्टर-रन तेलाचे (चालवून झाल्यावर इंजिनात गंज रोखण्यासाठी घालायच्या तेलाचे) थेंब सोडून इंजिन फिरवायचे आणि पिस्टन खालच्या टोकाला ठेवायचा. मिथेनॉल हवेतील ओल ओढून घेते आणि नायट्रोचे अवशेष आम्लधर्मी असतात, म्हणून हे न करता ट्रक ठेवला तर आतले पोलादी बेअरिंग गंजतात, मग बाहेरून तो कितीही स्वच्छ असो. फिल्टरचा फोम दोन्ही पक्षांनी साबणाच्या कोमट पाण्यात, न पिळता, नुसता दाबून धुवावा, पूर्ण वाळवावा आणि फिल्टरचे तेल लावूनच परत बसवावा. फोम कोरडा बसवला तर आपला फुफाटा त्यातून सरळ सिलिंडरमध्ये जातो, आणि पिस्टन-स्लीव्हची पकड गेली की ती परत येत नाही.

महिन्यातून एखाद्या रविवारी ट्रक चालवणाऱ्याला, ज्याच्याकडे वाळूचे मैदान आहे आणि धुतल्यावर त्याच संध्याकाळी बेअरिंग काढून तेल देण्याची चिकाटीही आहे, मी पाणी सोडायला सांगणार नाही. काळ्या रानात चालवणाऱ्याला आणि स्वतःच इंजिन उतरवणाऱ्याला मात्र पहिल्या खरेदीतच ९९ टक्क्यांची एक बाटली, दोन मऊ आणि एक राठ ब्रश, आणि चांगल्या पोलादाच्या २ व २.५ मिलिमीटरच्या एलन की घ्यायला सांगेन. यांत कुठे हात आखडायचाच असेल तर ब्रशवर आखडावा, कीवर नव्हे, कारण स्वस्त कीचे टोक झिजले की स्वच्छ खाचही गोल होते.