पेअर्ड, वेल्च की पूल्ड? टी-चाचणी निवडताना

दोन रकान्यांत आकडे आहेत, त्यांच्या सरासरीत फरक दिसतोय. हा फरक आपल्या नमुन्यापुरता आहे की ज्या समष्टीतून (संपूर्ण समूहातून) नमुना घेतला तिच्यातही आहे, हे ठरवायचे आहे. एक्सेलमध्ये टी-टेस्टचे फंक्शन घेतले की ते शेवटी प्रकार विचारते: १, २ की ३? बरेच जण इथे अंदाजाने आकडा टाकतात. तो चुकला तर निष्कर्ष उलटू शकतो, आणि चूक झाल्याचे स्क्रीनवर कुठेही दिसत नाही.

आधी झेड-चाचणी की टी-चाचणी हा प्रश्न निकालात काढू, कारण त्याचे उत्तर सोपे आहे. समष्टीचे प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत त्याचे माप) खरोखर ठाऊक असेल तरच झेड. प्रत्यक्षात ते जवळजवळ कधीच ठाऊक नसते, आपण ते नमुन्यातूनच काढतो, आणि त्या अंदाजातल्या अनिश्चिततेची किंमत टी वसूल करते. ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणजे खरे मूल्य ज्यात असावे असा अंदाजाच्या दोन्ही बाजूंचा पट्टा; अंदाजाच्या प्रमाण त्रुटीला (नमुन्यागणिक अंदाज किती हलतो त्याच्या मापाला) एका गुणकाने गुणून तो काढतात. झेडचा गुणक कायम १.९६ असतो. टीचा गुणक ५ निरीक्षणांना २.७७६, १० निरीक्षणांना २.२६२, ३० ला २.०४५ आणि १०० ला १.९८४. म्हणजे १० निरीक्षणांवर झेड वापरला तर इंटरव्हल खोटा अरुंद होतो. खरा त्याहून सुमारे १५ टक्के रुंद हवा. ‘तीसच्या पुढे झेड’ हा नियम छापील तक्त्यांच्या काळातला आहे. आज सॉफ्टवेअर हाताशी असताना सरळ टी घ्यावा.

खरा पेच पुढे आहे: पेअर्ड, वेल्च की पूल्ड? डब्लिनच्या गिनेस कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने बायोमेट्रिका या नियतकालिकात टी-चाचणीचा पाया घातला. त्या लेखात त्यांनी वापरलेले आकडे आजही आर या सॉफ्टवेअरसोबत ‘स्लीप’ नावाने मिळतात. १० रुग्णांना दोन झोपेची औषधे दिली आणि प्रत्येक औषधाने झोप किती तासांनी वाढली ते नोंदवले.

पहिले औषध: ०.७, −१.६, −०.२, −१.२, −०.१, ३.४, ३.७, ०.८, ०.०, २.०
दुसरे औषध: १.९, ०.८, १.१, ०.१, −०.१, ४.४, ५.५, १.६, ४.६, ३.४

सरासरी अनुक्रमे ०.७५ आणि २.३३, फरक १.५८ तास. आता हेच आकडे दोन वाटांनी नेऊ: पेअर्ड, म्हणजे एकाच रुग्णाच्या दोन आकड्यांची जोडी धरून; आणि वेल्च, म्हणजे दोन रकाने दोन वेगळ्या गटांचे मानून. तक्त्यात टी म्हणजे फरक भागिले प्रमाण त्रुटी; डिग्रीज ऑफ फ्रीडम म्हणजे विखुरणीचा अंदाज किती स्वतंत्र माहितीवर उभा आहे ती संख्या, तिच्यावरून टीचा गुणक ठरतो; आणि पी-व्हॅल्यू म्हणजे समष्टीत फरक नसताना निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा टी येण्याची शक्यता.

| | पेअर्ड | स्वतंत्र नमुने (वेल्च) |
|---|---|---|
| फरकाची प्रमाण त्रुटी | ०.३९ | ०.८५ |
| डिग्रीज ऑफ फ्रीडम | ९ | १७.८ |
| टी | ४.०६ | १.८६ |
| पी-व्हॅल्यू | ०.००३ | ०.०७९ |
| ९५% इंटरव्हल (तास) | ०.७० ते २.४६ | −०.२१ ते ३.३७ |

आकडे तेच, फरक तोच, आणि निष्कर्ष दोन टोकांना. कारण रकाने आडवे वाचले की कळते. सहाव्या आणि सातव्या रुग्णाची झोप दोन्ही औषधांवर भरपूर वाढते, दुसऱ्या आणि चौथ्याची दोन्हींवर कमीच. माणसामाणसांतली ही तफावत औषधांच्या तुलनेत निव्वळ गोंगाट आहे. स्वतंत्र नमुन्यांच्या चाचणीत दोन्ही रकान्यांचे प्रसरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) बेरजेला येते, ३.२० अधिक ४.०१, म्हणजे ७.२१. पेअर्डमध्ये आधी प्रत्येक रुग्णाची वजाबाकी होते, गोंगाट तिथेच कटतो आणि फरकांचे प्रसरण अवघे १.५१ उरते. पेअर्ड टी म्हणजे दुसरे काही नाही: वजाबाकीचा एक नवा रकाना करा आणि त्याच्यावर एका नमुन्याची टी लावा.

मात्र पी-व्हॅल्यू लहान येते म्हणून पेअर्ड निवडायचे नाही. जोडी प्रयोगातच असावी लागते: तोच रुग्ण दोनदा, तोच विद्यार्थी शिकवणीआधी आणि नंतर, एकाच शेतातल्या शेजारशेजारच्या पट्ट्यांत दोन वाण. सोपी कसोटी अशी: एका रकान्यातल्या ओळी हव्या तशा पिसल्या तर माहिती हरवते का? हरवत असेल तर पेअर्ड. दोन वेगवेगळ्या तुकड्यांतले २०-२० विद्यार्थी हजेरीच्या क्रमाने समोरासमोर बसवले म्हणून जोड्या तयार होत नाहीत, दोन्ही रकाने सारख्या लांबीचे असले तरी. आणि जोडी खरी असून फायदा झाला नाही तर? १० जोड्यांत डिग्रीज ऑफ फ्रीडम १८ ऐवजी ९ होतात, गुणक २.१०१ वरून २.२६२ वर जातो. नुकसान एवढेच. खरी जोडी मोडण्यातले नुकसान वरच्या तक्त्यात आहे.

नमुने खरोखर स्वतंत्र असतील तर पुढचा प्रश्न वेल्च की पूल्ड. पूल्ड चाचणी दोन्ही समष्टींचे प्रमाण विचलन समान धरते आणि दोन्ही नमुन्यांतून एकच सामाईक अंदाज काढते. वेल्च तसे काही धरत नाही. गट समान आकाराचे आणि विखुरणी साधारण सारखी असेल तर दोन्हींत फरक पडत नाही. वरच्या झोपेच्या आकड्यांवर पूल्डही ०.०७९ च देते. घात होतो तो गट असमान असताना. समजा एका गटात १० जण, प्रमाण विचलन १२. दुसऱ्यात ४० जण, प्रमाण विचलन ४. सरासरीतला फरक ६. पूल्डमध्ये मोठ्या गटाची लहान विखुरणी सामाईक अंदाजावर हावी होते: प्रमाण त्रुटी २.२४, टी २.६८, डिग्रीज ऑफ फ्रीडम ४८. निकाल ‘लक्षणीय’ (पी-व्हॅल्यू ०.०५ पेक्षा कमी). वेल्चमध्ये १४४ ला १० ने आणि १६ ला ४० ने भागून बेरीज १४.८, तिचे वर्गमूळ ३.८५, टी अवघा १.५६, आणि डिग्रीज ऑफ फ्रीडम साडेनऊच्या आसपास. निकाल अजिबात लक्षणीय नाही, आणि बरोबर तोच आहे, कारण सगळी अनिश्चितता त्या १० जणांच्या गटात आहे. उलट मोठ्या गटाची विखुरणी मोठी असेल तर पूल्ड नको इतकी सावध होते आणि खरा फरकही हातचा जातो.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे: वेल्च ही नेहमीची निवड ठेवा. आधी प्रसरणे समान आहेत का याची एफ-चाचणी आणि तिच्या निकालावर पूल्ड की वेल्च, ही अनेक वर्गांत शिकवली जाणारी पद्धत टाळा. लहान नमुन्यांत एफ-चाचणीला फरक दिसतच नाही आणि वितरण जरा तिरके असले की ती उगाच धोक्याची घंटा वाजवते. परीक्षेच्या प्रश्नात ‘प्रसरणे समान माना’ असे स्पष्ट लिहिले असेल तेव्हा अर्थात पूल्डच सोडवा.

सॉफ्टवेअरनिहाय सवय वेगळी आहे, ती माहीत हवी. एक्सेलमध्ये १ म्हणजे पेअर्ड, २ म्हणजे पूल्ड, ३ म्हणजे वेल्च. आर न सांगता वेल्च करते. पायथन भाषेतले सायपाय हे गणिती पॅकेज न सांगता पूल्ड करते, तिथे समान प्रसरणाचा पर्याय हाताने बंद करावा लागतो. त्यामुळे तोच डेटा दोघांनी दोन ठिकाणी चालवला आणि उत्तरे जुळली नाहीत तर आधी इथेच पाहा.

चाचणी लावण्याआधी आलेख काढा. १५ पेक्षा कमी निरीक्षणे असतील तर आकडे साधारण घंटाकृती हवेत; १५ ते ४० मध्ये थोडा तिरकेपणा चालतो, पण दूर पडलेली निरीक्षणे नकोत; ४० च्या पुढे बराच तिरकेपणा खपतो. पेअर्डमध्ये हे सगळे वजाबाकीच्या रकान्याबद्दल आहे, मूळ दोन रकान्यांबद्दल नाही. गॉसेट यांच्या आकड्यांत नववा रुग्ण पाहा: फरक ४.६, बाकी कोणाचाही २.४ च्या वर नाही. त्याला वगळून पाहिले तर सरासरी फरक १.५८ वरून १.२४ वर उतरतो, पण टी ४.०६ वरून ५.६६ वर चढतो. टोकाचे निरीक्षण सरासरी ओढते तशी विखुरणीही फुगवते, म्हणून असे होते. इंटरव्हल ०.७४ ते १.७५ होतो. फरक आहे हा निष्कर्ष टिकतो, किती आहे हा डळमळतो. अशा वेळी दोन्ही निकाल द्यावेत. मोजणी चुकल्याचा पुरावा नसताना निरीक्षण गुपचूप काढू नये.

एक चूक मात्र कोणत्याही आलेखात दिसत नाही. ४ वाफ्यांत प्रत्येकी २५ रोपे मोजली आणि खताची मात्रा वाफ्याला दिली होती, तर नमुना १०० चा नाही, ४ चा आहे. एका वाफ्यातली रोपे एकच माती, एकच पाणी वाटून घेतात. अशा वेळी प्रत्येक वाफ्याची सरासरी काढा आणि टी त्या सरासरींवर लावा.