इंग्रजीच्या वर्गासाठी जर्नल: मोकळं लेखन, दुहेरी नोंद की संवाद-वही?

हायस्कूलच्या इंग्रजीच्या वर्गात जर्नल, म्हणजे मुलांनी लिहून चिंतन करायची वही, सुरू करायचं ठरलं की चर्चा लगेच वहीवर घसरते. रेघांची की कोरी, रोज की आठवड्यातून एकदा, कागदावर की कॉम्प्युटरवर. हे सगळं नंतर बघता येतं. आधी एकच ठरवा: ही वही वाचणार कोण?

ॲन फ्रँकचंच बघा. जून १९४२ मध्ये, तेराव्या वाढदिवसाला मिळालेल्या वहीत ती स्वतःसाठी लिहीत होती. २८ मार्च १९४४ ला लंडनहून रेडिओवर एका डच मंत्र्याने आवाहन केलं, की युद्धकाळातल्या डायऱ्या आणि पत्रं जपून ठेवा. त्यानंतर तिने त्याच नोंदी सुट्या कागदांवर नव्याने लिहायला घेतल्या. काही गाळलं, काही भर घातली, माणसांसाठी टोपणनावंही काढली. पुढे कुणीतरी हे वाचणार म्हटल्यावर हात बदलला. वर्गातली मुलंही तेच करतात. फक्त त्यांच्या बाबतीत वाचणाऱ्याच्या हातात लाल पेन असतं.

मोकळं लेखन

इथे वाचणारा कुणीच नाही. लेखन शिकवणारे अमेरिकी प्राध्यापक पीटर एल्बो यांनी १९७३ मध्ये ही रीत मांडली: दहा मिनिटं पेन थांबवायचं नाही, खोडायचं नाही, सुचलं नाही तर ‘सुचत नाही’ असंच लिहायचं. इंग्रजी वाक्य मनात तीनदा जुळवून मगच कागदावर ठेवणाऱ्या मुलांचा हात यातून मोकळा होतो. शिक्षकाला तपासणी शून्य, हाही फायदा कमी नाही.

पण याला चिंतन म्हणवत नाही. दोनतीन आठवड्यांत पानांवर ‘उठलो, शाळेत आलो, कंटाळा आला’ सुरू होतं, आणि त्यात मुलांची चूक नाही, कारण मागे वळून बघायला कुणी सांगितलेलंच नसतं. तासाच्या सुरुवातीला हात गरम करायला ठीक. वर्षभराचं जर्नल म्हणून मी हे निवडणार नाही.

ठरावीक प्रश्नांची चौकट

शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहम गिब्ज यांचं १९८८ चं चिंतनाचं सहा पायऱ्यांचं चक्र बऱ्याच जणांना माहीत असतं: काय घडलं, काय वाटलं, चांगलं-वाईट काय, असं का झालं, निष्कर्ष, पुढे काय करणार. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात ते फार चालतं. चौदा वर्षांच्या मुलापुढे ठेवलं की मात्र त्याचा फॉर्म होतो. सहा रकाने, सहा वाक्यं, संपलं. त्यापेक्षा टेरी बोर्टन यांचे १९७० चे तीन प्रश्न पुरतात: काय झालं, त्याचं काय, आता काय. गटकाम, भाषण किंवा परीक्षेचा पेपर हातात आल्यानंतर हे वापरा. रोज नको.

दुहेरी नोंद

माझं मत सरळ हिच्या बाजूने आहे. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे धड्यातलं किंवा कथेतलं एखादं वाक्य जसंच्या तसं, उजवीकडे त्यावर आपलं म्हणणं. समजा डावीकडे आहे, ‘तिने पत्र न उघडताच खिशात ठेवलं.’ उजवीकडे पहिल्या दिवशी बहुतेक जण लिहितात, ‘ती घाबरली.’ इथेच थांबलं तर काही हाती लागलं नाही. म्हणून दोन दिवसांनी तेच पान पुन्हा उघडायला लावायचं आणि वेगळ्या शाईने खाली उत्तर द्यायला सांगायचं, स्वतःच्याच वाक्याला. मग काहीसं असं येतं: ‘घाबरली असती तर फाडलं असतं. जपून ठेवलंय म्हणजे तिला वाचायचंय, पण आत्ता नाही. मी निकालाच्या दिवशी असंच केलं होतं.’

चिंतन आहे ते या दुसऱ्या शाईत. इथे पहिला वाचक मुलगा स्वतःच असतो, शिक्षक नंतर येतो. शिवाय सुरुवात दुसऱ्याच्या वाक्यापासून होत असल्याने ‘लिहू काय’ हा प्रश्न उरत नाही, आणि बुजऱ्या मुलाला स्वतःचं घर वर्गात उघडं करावं लागत नाही. स्वतःबद्दल सांगायचं की नाही, हे तोच ठरवतो. जाता जाता डावीकडे चांगली इंग्रजी वाक्यं हाताने उतरवून होतात. नकलून काढण्याला आपण उगाच नाव ठेवतो.

उणीव एकच मोठी: ज्याला मूळ मजकूरच कळत नाही, तो सगळ्यात सोपं वाक्य उचलतो आणि उजवीकडे त्याचा अर्थ लिहून मोकळा होतो. अशांसाठी सुरुवातीचे काही दिवस वाक्य तुम्हीच निवडून द्या.

संवाद-वही

विद्यार्थी लिहितो, शिक्षक उत्तर लिहितो, वही परत जाते. इंग्रजीत कच्च्या असलेल्या मुलांसाठी मला यापेक्षा प्रेमळ पद्धत माहीत नाही. नियम एकच, चुकांवर गोल करायचे नाहीत. मुलीने लिहिलं, ‘यस्टरडे माय ब्रदर गो अवे’, तर उत्तरात लिहायचं, ‘व्हेअर डिड ही गो? माय ब्रदर वेंट अवे टू, अँड द हाउस फेल्ट एम्प्टी.’ ‘वेंट’ तिच्या डोळ्यांसमोर आलं, तेही कुणीतरी तिचं ऐकून घेतलं म्हणून.

आता हिशेब. ४० वह्या, प्रत्येकी ५ मिनिटं, म्हणजे २०० मिनिटं. सव्वातीन तासांहून जास्त, आणि तेही आठवड्याला. रोज ८ वह्या घेतल्या तर रोजची ४० मिनिटं. तेवढा वेळ खरोखर असेल तरच हात घाला. सुरू करून महिन्याभराने उत्तरं ‘गुड’ आणि ‘नाइस’वर आली की मुलांना ते पहिल्याच दिवशी कळतं. त्यापेक्षा न सुरू केलेली बरी.

कुठलीही वही घेतली तरी मार्कांचा प्रश्न येतोच. नियमित लिहिलं का, मागे जाऊन वाचलं का, यावर मार्क द्या. भावनांना देऊ नका. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांचा, दुःखद अनुभव लिहून काढण्याबद्दलचा १९८६ चा प्रयोग ऐकून अनेकांना मुलांकडून दुःखद प्रसंग लिहून घ्यावेसे वाटतात. त्या प्रयोगात कॉलेजचे विद्यार्थी सलग चार दिवस रोज १५ मिनिटं लिहीत होते, आणि त्या लेखनाला कुणी मार्क देत नव्हतं. वर्गात तसं नसतं.

कागद की स्क्रीन, हा वाद मला छोटा वाटतो. दुहेरी नोंदीला कागद बरा, कारण दोन शाया दिसतात. संवाद-वहीला स्क्रीन चालते, वह्यांचे गठ्ठे उचलावे लागत नाहीत.

मोठा वर्ग आणि हातात कमी वेळ असेल तर दुहेरी नोंद घ्या, आठवड्यातून दोनदा. वर्ग लहान असेल किंवा चार-पाच मुलं इंग्रजीला फारच बिचकत असतील, तर फक्त त्यांच्यासोबत संवाद-वही चालवा. सगळ्यांना एकच वही हवी असा नियम नाही. आणि पहिल्या पानावर, पहिल्याच दिवशी, तुमच्या अक्षरात तीन गोष्टी लिहून द्या: ही वही कोण वाचणार, कोणत्या वारी वाचणार, आणि दुमडलेलं पान वाचलं जाणार नाही. त्याखाली हेही लिहा, की कुणाच्या जिवाला धोका आहे असं उघड्या पानावर दिसलं तर मी ते माझ्यापाशी ठेवणार नाही.