जुन्या कॉम्प्युटरला एसएसडी लावली : दहा महिन्यांच्या वापरानंतर

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. कॉम्प्युटर म्हणजे सेकंड जनरेशन आय-थ्री प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा जुना मदरबोर्ड, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. गेल्या उन्हाळ्यात त्याचे हाल असे होते, की सकाळी बटण दाबायचं, दुकान झाडायचं, समोर सडा टाकायचा, उदबत्ती लावायची, तरी स्क्रीनवरचं चक्र फिरतच असायचं. एकदा घड्याळ लावून पाहिलं : काम सुरू करण्याजोगा व्हायला साडेसहा मिनिटं. बाकावर बसलेले काकाजी विचारायचे, "काहून व बाई, अजून नाई झालं का सुरू?" सातबाऱ्यासाठी कामधंदा सोडून आलेल्या माणसाला काय उत्तर द्यायचं?

तालुक्याच्या एका दुकानात दाखवला तर म्हणाले, भंगारात काढा आणि नवा घ्या. नव्याला तीस हजार लागणार होते, आणि सोयाबीनने त्या वर्षी तेवढं दिलं नव्हतं. पण टास्क मॅनेजरमध्ये (कशावर किती ताण आहे ते दाखवणारी विंडोजमधली खिडकी) मला रोज दिसायचं, की प्रोसेसर पंधरा-वीस टक्क्यांवर निवांत आहे आणि डिस्क मात्र १०० टक्क्यांना चिकटलेली. अडकत होतं ते तिथेच. भाऊजी नागपूरला गेले तेव्हा त्यांनी सीताबर्डीतून २५६ जीबीची साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क; साटा म्हणजे ती बोर्डाला जोडायची पद्धत) १,७०० रुपयांत आणि ४ जीबीची जुनी रॅम ६०० रुपयांत आणली.

हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला साधारण ८ मिलिसेकंद. हवी ती जागा सुईखाली यायची वाट पाहायची, त्याआधी सुई सरकायची, असं धरून सेकंदाला शंभरच्या आसपास ठिकाणंच वाचून होतात. विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फाइली मागते, म्हणून ती रखडते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. माझ्या बोर्डावर साटाचा जुना, ३ गिगाबिटचा पोर्ट आहे, त्यामुळे खोक्यावर सेकंदाला ५०० एमबी लिहिलेला वेग मला २६० ते २७० एमबी एवढाच मिळतो. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. रोजच्या कामात फरक पडतो तो बारक्या फाइलींमुळे, आणि तिथे जुना पोर्ट आडवा येत नाही.

आता बटण दाबल्यापासून ३५ ते ४० सेकंदांत काम सुरू होतं. जुलैच्या शेवटी पीक विम्याची गर्दी होती तेव्हा खरी किंमत कळली. सातबारा, पासबुक, पेरणीचं घोषणापत्र स्कॅन करायचं, पीडीएफ लहान करायची, अपलोड करायची. आधी दर फाइलीमागे हात बांधून बसावं लागायचं, आता तो वेळ जवळजवळ गेलाच. मात्र साइट बंद पडली किंवा नेट गेलं तर एसएसडी काही करू शकत नाही. हे मी गिऱ्हाइकांनाही सांगते.

आता त्रासाचं सांगते, कारण बरेच जण इथेच घाबरून एसएसडी परत करतात. विंडोज नव्याने टाकताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मदरबोर्डची सेटिंग) साटा मोड, म्हणजे बोर्डाने डिस्कशी बोलायची पद्धत, जुन्या आयडीईवरून नव्या एएचसीआयवर घेतला होता. पंधरा दिवस मस्त चाललं. जूनमध्ये वादळ झालं, रात्रभर लाइट नव्हती. सकाळी निळा स्क्रीन, त्यावर 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. १,७०० रुपये पाण्यात गेले असंच वाटलं, मला रडू यायचं बाकी होतं. दोन दिवस दुकान बंद. मग भाऊजींनी बायोस उघडला तर तारीख कित्येक वर्षं मागची, आणि साटा मोड पुन्हा आयडीई! त्यामुळे विंडोजला डिस्कच सापडत नव्हती. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेलेला होता. लाइट पूर्ण गेली की बोर्ड सगळी सेटिंग विसरायचा. तारीख तर मी आधीपासूनच अधूनमधून हाताने लावत होते, त्या वेळी त्याचा अर्थ लागला नाही. तीस रुपयांचा सेल बदलला, मोड परत एएचसीआयवर घेतला, कॉम्प्युटर पहिल्या फटक्यात सुरू झाला. तेव्हा पाच-सहा वर्षांहून जुना कॉम्प्युटर उघडलाच आहे तर सेल आधी बदला. आमच्या कॅबिनेटमध्ये शेजारच्या खोलीत भरलेल्या कापसाचे तंतू इतके साचले होते, की पंख्याच्या पात्या पांढऱ्या झाल्या होत्या. तेही ब्रशने काढलं, थर्मल पेस्ट नवी लावली. मे महिन्यात पंख्याचा जो घरघराट असायचा तो गेला.

दहा महिन्यांनी क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) हेल्थ ९८ टक्के आणि लिहिलेला डेटा ३ टीबीच्या आसपास दिसतो. हार्ड डिस्कसारखं डीफ्रॅग (विखुरलेल्या फाइली एकत्र लावणं) करू नका, विंडोज स्वतः ट्रिम पाठवते, म्हणजे कोणती जागा रिकामी झाली ते एसएसडीला कळवते. यूपीएस मात्र हवाच, लिहिता लिहिता लाइट गेली तर फाइल बिघडू शकते. शिवाय हार्ड डिस्क बहुतेकदा आधी खडखडते, अडखळते, म्हणजे सावध व्हायला वेळ मिळतो. एसएसडी काही न सांगताही बंद पडू शकते, आणि मग डेटा काढणं अवघड. लोकांची कागदपत्रं कामापुरतीच ठेवते, पण दुकानाचा हिशेब आणि फॉर्मच्या पावत्या गमावून चालणार नाहीत. म्हणून जुनी ५०० जीबीची डिस्क बाहेरून जोडायच्या डब्यात बसवून घेतली. दर शनिवारी जोडते, कॉपी करते आणि काढून कपाटात ठेवते.

माझ्याकडच्या विंडोज १० चा कंपनीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. लिनक्स टाकलं असतं, पण माझं बोटांच्या ठशांचं मशीन विंडोजवरच चालतं. वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवलंय, ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील. पुढे नवा कॉम्प्युटर घ्यावा लागला तर ही एसएसडी काढून त्यातच लावणार आहे.