सुती दोरीच्या टेबलमॅट: उन्हाळा, पावसाळा आणि तांबड्या रश्शानंतर

झिगझॅग टाक्याने शिवलेल्या सुती दोरीच्या गोल मॅट आमच्या टेबलावर उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत रोज दोन्ही वेळेला होत्या. तांबडा-पांढरा रस्सा, मिसळीचा कट, चहाचे कप, गॅसवरून उतरवलेली पातेली आणि मधे कोल्हापूरचा पावसाळा, सगळं त्यांनी सोसलं. निकाल आधीच सांगायचा तर शिलाईने कुठेही दगा दिला नाही. मॅट बिघडते ती दोरी चुकीची निवडली, न धुता शिवली किंवा धुतल्यावर नीट वाळवली नाही म्हणून.

आधी दोरी. बेंदूर (बैलांचा सण) जवळ आला की आपल्याकडे बाजारात कासरे, दावी, म्होरक्या, गोंडे यांनी दुकानं भरतात आणि पांढरीशुभ्र दोरी स्वस्तात मिळतेय असं वाटतं. पण त्यातली बरीचशी नायलॉनची किंवा प्लास्टिकची असते. घेण्याआधी बोटभर तुकडा मागून घ्या आणि घरी चिमट्यात धरून जाळून बघा. सूत कागदासारखं जळतं, जळक्या कागदाचाच वास येतो आणि राख बोटाने चुरता येते. कृत्रिम दोरी वितळून आक्रसते आणि टोकाला कडक मणी तयार होतो. काही दोऱ्या वरून सुती आणि आत कृत्रिम गाभा अशा असतात, तेव्हा तुकडा उसवून आतला भाग वेगळा जाळायचा. कृत्रिम दोरीची मॅट दिसायला झकास होते, पण तापलेली कढई ठेवली की दोरी मऊ पडून तळाला चिकटते. जेवणाच्या टेबलावर ती नकोच.

सुतळी स्वस्त आहे, पण तिचा भुसा ताटाखाली सांडत राहतो आणि ओली झाली की कुबट वास येतो. काथ्या घरगुती मशीनवर शिवताच येत नाही. मॅक्रमेसाठी (गाठी मारून केलेल्या विणकामासाठी) मिळणारी एकपदरी दोरी दुकानात फार मऊ आणि सुंदर वाटते, पण सुई लागली की तिचे तंतू फाकतात आणि महिनाभरात पृष्ठभाग केसाळ होतो. तीन पदरी पिळाची दोरी चालते. मात्र शिवताना पीळ उलगडत जातो, म्हणून तिला दर काही वेढ्यांनी हाताने पीळ परत द्यावा लागतो. आमची पसंती वेणीसारखी विणलेली, 5 ते 6 मिलिमीटर जाडीची दोरी. 8 मिलिमीटरची घेऊ नका. घरगुती मशीनचा पाय (दाबपट्टी) पूर्ण उचलला तरी ती खाली जेमतेम जाते आणि टाका दोन्ही वेढ्यांना धरत नाही.

किती दोरी लागेल याचा हिशोब सोपा आहे. मॅटचा व्यास सेंटिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, 0.785 ने गुणा आणि दोरीच्या जाडीने (तीही सेंटिमीटरमध्ये) भागा. 36 सेंटिमीटरच्या मॅटला 6 मिलिमीटरची दोरी साधारण 17 मीटर लागते, 5 मिलिमीटरची घेतली तर वीस मीटरच्या वर जाते. 30 सेंटिमीटरचं ताट असेल तर 36 चीच मॅट करा. ताटाएवढी मॅट केली तर रश्शाची वाटी बाहेर टेबलावर येते आणि मग मॅटचा उपयोग काय? दोन वाट्या आणि पाण्याचा पेला मॅटवरच हवा असेल तर लंबगोल बरी. 45 बाय 33 सेंटिमीटरच्या लंबगोलासाठी मधली सरळ रेघ या दोन मापांच्या फरकाएवढी, म्हणजे 12 सेंटिमीटर घ्यायची आणि तिच्याभोवती वेढे देत जायचं. तिला 6 मिलिमीटरची 21 मीटर दोरी लागते.

हिशोबापेक्षा दोन मीटर जास्त घ्या, कारण शिवण्याआधी दोरी धुवायची आहे. हे काम बहुतेक जण टाळतात आणि मॅट पहिल्याच धुण्यात परातीसारखी वर वळते. कारण समजून घेतलं तर टाळावंसं वाटणार नाही. सूत ओलं होऊन वाळलं की लांबीत आटतं. मॅटमध्ये दोरीची लांबी म्हणजे प्रत्येक वेढ्याचा घेर. घेर कमी होतो, पण केंद्रापासून कडेपर्यंतचं अंतर कमी होत नाही, कारण त्या दिशेने दोरीची फक्त जाडी आहे आणि शिवणीचा आडवा पॉलिस्टर धागा आटत नाही. अंतर तेवढंच आणि घेर लहान झाला की कड वर उचलली जाणारच. एकदा अशी वळलेली मॅट इस्त्रीने दोन दिवस सपाट राहते, पुन्हा धुतली की पुन्हा वळते. म्हणून दोरीची सैल लड करायची, चार ठिकाणी सुताने ढिली बांधायची, गरम पाण्यात अर्धा तास बुडवायची, न पिळता निथळू द्यायची आणि पूर्ण वाळवायची. रंगीत दोरी असेल तर ओली असतानाच पांढऱ्या फडक्यात दाबून बघा. फडक्यावर रंग उतरला तर ती दोरी जेवणाच्या मॅटला घेऊ नये.

मशीन झिगझॅगचंच हवं. घरोघरी असलेल्या काळ्या पायमशीनवर फक्त सरळ टाका बसतो आणि सरळ टाका दोन वेढ्यांना जोडत नाही. टाक्याची रुंदी मशीन देईल तेवढी, म्हणजे साधारण 5 मिलिमीटर, आणि लांबी 2.5 ते 3. सुई 16 नंबरची, जीन्सची असेल तर उत्तम. 14 नंबरची चालते, पण जाड जागी वाकते. दुकानात सुई मागताना घरगुती मशीनची, एका बाजूने चपट्या दांड्याची म्हणून मागा. कारखान्यातल्या मशीनची गोल दांड्याची सुई यात बसत नाही. धागा पॉलिस्टरचा. सुती धागा दोरीच्या घर्षणाने आणि वारंवार धुण्याने लवकर कुजतो. धागा किती लागतो याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. टाका रुंद आणि दोरी जाड असल्यामुळे दोरीच्या लांबीच्या तीन-चार पट वरचा आणि जवळपास तेवढाच बॉबिनचा (खालच्या फिरकीचा) धागा जातो. 100 मीटरचं रीळ एका मॅटला पुरत नाही. दोन बॉबिन आधीच भरून ठेवा आणि पहिली संपत आली की वेढा पूर्ण करून थांबा. रिकाम्या बॉबिनवर पाऊण वेढा शिवला गेला तर वरून काहीच कळत नाही, उलटं करून बघितलं तरच दिसतं.

सुरुवातीला दोरीचं टोक तिरकं कापा, चार सेंटिमीटर दुमडा, दोन-तीन वेढे हाताने गुंडाळून टाचण्या लावा आणि त्या बिल्ल्यावरून आरपार फुलीसारख्या दोन शिवणी मारा. मग पायाच्या मधली खूण दोन वेढ्यांच्या फटीवर ठेवून शिवत जायचं. पहिले चार-पाच वेढे फार आवळ असतात. तिथे चाक हाताने फिरवा, सुई खाली ठेवून पाय उचला, थोडं वळवा, पुन्हा शिवा. त्यापुढे न थांबता जाता येतं. मॅट सुईच्या डाव्या हाताला पसरू द्या आणि दोरी उजवीकडून येऊ द्या. मॅट घड्याळाच्या उलट दिशेने फिरत राहते आणि वाढली तरी मशीनच्या खांबाला अडत नाही. उजवीकडे वाढवली तर वीस-बावीस सेंटिमीटरनंतर जागाच संपते.

इथे सगळ्यात जास्त बिघडतं ते हाताने. दोरी ओढून धरली की प्रत्येक वेढा गरजेपेक्षा आखूड बसतो आणि मॅटची वाटी होते. दोरी रेटली की वेढा लांब होतो आणि कड झालरीसारखी लाटा मारते. दोरी मांडीवरच्या टोपलीतून आपोआप सुटत यावी, बोटांनी फक्त शेजारच्या वेढ्याला टेकवायची. मॅटचा डावा भाग टेबलाखाली लोंबू देऊ नका. मशीनच्या पाट्याच्या उंचीला वह्या-पुस्तकं रचून आधार द्या, नाहीतर तिच्याच वजनाने मध्यभाग वाकतो आणि तोच वाक शिवला जातो. दर पाच-सहा वेढ्यांनी मॅट सपाट फरशीवर ठेवून बघा. कड किंचित उचललेली दिसली तर पुढचे दोन वेढे थोडे सैल घेऊन सावरता येते. अर्धी मॅट झाल्यावर लक्षात आलं तर उसवण्याशिवाय उपाय नाही.

दोरी मधेच संपली तर टोकावर टोक चढवू नका. तिथे 12 मिलिमीटरचा गठ्ठा होतो, पाय अडतो आणि सुई तुटते. दोन्ही टोकं सरळ कापून समोरासमोर भिडवा, धाग्याने दहा-बारा वेढे घट्ट गुंडाळा आणि वरून शिवून टाका. शेवटचं टोक तिरकं कापून आदल्या वेढ्यात निमुळतं मिळवा आणि तिथे उलटसुलट टाका मारा. शक्य असेल तर टोकाला खिळ्यावर अडकेल एवढा फास ठेवा. ओट्याजवळ मॅट टांगलेल्या राहतात आणि ढीग करून ठेवल्यावर येणारा दमट वास येत नाही.

प्रत्येक मॅटनंतर सुईखालची पट्टी काढून ब्रशने झाडा. सुती दोरीचा भुसा कापड सरकवणाऱ्या दात्यांमध्ये आणि बॉबिनच्या घरात नमद्यासारखा बसतो. टाका सुटू लागला की लोक ताणाचा नॉब फिरवत बसतात, पण बऱ्याच वेळा भुसा साफ केला आणि नवी सुई घातली की टाका जागेवर येतो.

वापरातला अनुभव. ताट मॅटवर घसरत नाही, सनमायकावर मॅटही घसरत नाही. उकळत्या रश्शाचं पातेलं खुशाल ठेवा. फक्त कोरडी तापलेली लोखंडी कढई किंवा तवा ठेवू नका, सूत करपून पिवळा चट्टा पडतो आणि तो जात नाही. अरुंद बुडाचा काचेचा पेला वेढ्यांच्या उंचवट्यावर किंचित डगमगतो. शिवल्यावर ओल्या फडक्यावरून दोन्ही बाजूंनी इस्त्री करून जड पाट रात्रभर ठेवला तर हे बरंच कमी होतं.

डाग हा कोल्हापूरच्या जेवणाचा खरा प्रश्न. रश्शाच्या डागात दोन गोष्टी असतात, मिरचीचा रंग घेतलेला तेलकट तवंग आणि हळद. पाणी लावायच्या आधी कोरड्या डागावरच भांड्यांचं लिक्विड चोळा, दहा मिनिटं ठेवा, मग कोमट पाण्याने धुवा. आधी पाणी घातलं तर लिक्विड पातळ होतं आणि तेलावर नीट काम करत नाही. साबण लागल्यावर हळदीचा डाग एकदम लालसर होतो, त्याने घाबरू नका. साबणाच्या अल्कलीने हळदीचा रंग बदलतो, नीट खळबळलं की पुन्हा पिवळा होतो. उरलेला पिवळेपणा गच्चीवरच्या उन्हात दोन-तीन दुपारींत फिका पडतो, कारण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. मिरचीच्या तेलाचा डाग मात्र तेवढा सहज जात नाही. म्हणून पांढऱ्या दोरीपेक्षा विटकरी किंवा गडद चिकू रंग घ्यावा, निदान रस्सा ज्या बाजूला वाढला जातो त्या बाहेरच्या सात-आठ वेढ्यांना तरी.

जून ते सप्टेंबर या मॅटची खरी परीक्षा असते. 6 मिलिमीटरची दोरी पाणी भरपूर धरते आणि पावसाळी हवेत दोन दिवस उलटले तरी आतून ओली राहते. तशीच घडीच्या ढिगात ठेवली की बारीक काळे ठिपके येतात, ती बुरशी असते आणि जुनी झाली की निघत नाही. पिळू नका, पिळल्याने वेढे सरकतात. मॅट पंच्यात गुंडाळून दाबा, मग जाळीवर किंवा बाजेवर आडवी टाकून पंखा लावा आणि दर काही तासांनी उलटा. दोरीवर अर्धी-अर्धी लोंबत टाकली तर मधे कायमचा बाक येतो. माणसांपेक्षा दोन-तीन मॅट जास्त शिवून ठेवल्या तर पावसाळ्यात ओली मॅट वापरायची वेळ येत नाही.

झीज दोनच जागी दिसली, मधल्या बिल्ल्यावर आणि शेवटच्या टोकाजवळ. टाके सैल दिसले की त्याच फटीवरून त्याच रुंदीने पुन्हा एक शिवण मारायची. टोक सुटलं तर शेवटचे 10 सेंटिमीटर उसवून, दोरी नव्याने तिरकी कापून परत मिळवायची. दुरुस्ती मॅट पूर्ण कोरडी असतानाच करा, ओलसर दोरीत सुई अडते आणि टाके सुटतात.