न टोचता साखर मोजणारे घड्याळ : दीड महिन्याचा अनुभव

आईला बारा वर्षांपासून मधुमेह असून ती इन्शुलिन घेते. रोज टोचून तिच्या बोटांची टोके निबर झाली आहेत, म्हणून साताऱ्यातल्या एका दुकानातून रक्तातील साखर मनगटावरूनच सांगणारे घड्याळ मी 2,700 रुपयांना आणले.

बेंदराच्या दिवशी पुरणपोळीच्या जेवणाआधी ग्लुकोमीटरवर (बोट टोचून काढलेल्या रक्ताच्या थेंबातून साखर मोजणाऱ्या यंत्रावर) 138 आणि घड्याळावर 104 असा आकडा आला. दोन तासांनी ग्लुकोमीटर 241 वर पोहोचला, तरी घड्याळ 109 च्या पुढे सरकले नाही. ग्लुकोमीटरही थोडेफार चुकतो, पण त्याच्या चुकीला आंतरराष्ट्रीय मानकाने साधारण पंधरा टक्क्यांची मर्यादा घातलेली आहे. शेवटी लाटण्याला पंचा गुंडाळून त्यावर घड्याळ बांधले, तेव्हा 101 आले. लाटण्याला मधुमेह नाही, एवढे निदान झाले.

हसण्यावारी नेता येणार नाही असा प्रसंग पुढे घडला. एका रात्री आईला दरदरून घाम फुटला आणि हात थरथरू लागले, तेव्हा घड्याळ 102 दाखवत होते आणि ग्लुकोमीटर 58, म्हणजे साखर फारच खाली गेली होती. साखरपाणी दिल्यावर पंधरा मिनिटांनी तिला हुशारी वाटली. घड्याळावर विसंबून राहिलो असतो, तर काय झाले असते याची कल्पना करवत नाही.

त्वचेवर प्रकाश टाकून साखर मोजण्यावर संशोधन चालू आहे. पण एका लिटर रक्तात साखर जेमतेम एखादा ग्रॅम असते आणि पाणी, चरबी व प्रथिने यांच्या गर्दीतून तिचा क्षीण संकेत वेगळा काढणे अतिशय अवघड आहे. स्वतःहून साखर मोजणाऱ्या कोणत्याही स्मार्ट घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) 21 फेब्रुवारी 2024 रोजी दिला होता. दंडावर चिकटवलेल्या सेन्सरचे आकडे केवळ दाखवणारे घड्याळ ही निराळी गोष्ट आहे. तो सेन्सर साधारण दोन आठवडे चालतो, मात्र त्याची केसासारखी तार त्वचेखाली जातेच, शिवाय तो पेशींच्या मधल्या जागेतील द्रवातील साखर मोजत असल्याने रक्तापेक्षा काही मिनिटे मागे असतो. तो कायम वापरणे आम्हाला परवडत नाही.

खोके उघडलेले असल्याचे कारण देऊन दुकानदाराने घड्याळ परत घेतले नाही. आई पुन्हा ग्लुकोमीटर वापरते. फक्त आता बोटाच्या टोकाऐवजी कडेला टोचते, तिथे कमी दुखते.