मारुती 800 साठी कोणतं रिपेअर मॅन्युअल? वर्षभर वापरून झालेलं मत

पोवई नाक्यापासून एमआयडीसीपर्यंत साताऱ्यात गॅरेजांना तोटा नाही. तरी आमच्या 2006 च्या मारुती 800 ची बरीच कामं मी घरीच करतो.

आधी सगळ्या गाड्यांसाठी म्हणून मिळतं ते हिंदी गाईड. क्लच, गिअर कसे चालतात ते झकास समजतं. पण त्यातलं इंजिन कार्ब्युरेटरचं. आमची एमपीएफआय, म्हणजे दाबाखालचं पेट्रोल इंजेक्टरने फवारणारी; पेट्रोलची लाइन उघडण्याआधी प्रेशर उतरवायचं असतं, याचा त्यात पत्ताच नाही. झोपण्यापूर्वी वाचायला ठीक.

रोजच्या वापरात राहिलं ते कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलचं स्पायरल झेरॉक्स. लिहिलंय गॅरेजसाठी, त्यामुळे जागोजागी ‘स्पेशल टूल’ मागतं, तिथे चिडचिड होते. वायरिंगचे नकाशे मात्र काळ्या-पांढऱ्या प्रतीतही समजतात, कारण रंग अक्षरांत दिलेत: बी/डब्ल्यू म्हणजे काळ्या वायरवर पांढरा पट्टा.

मित्राच्या जिप्सीसाठी (ती मुळात सुझुकीची एसजे) ब्रिटनच्या हेन्स या प्रकाशकाचं सुझुकी एसजेचं पुस्तक आहे. त्यांची माणसं गाडी स्वतः सोडवून, जोडून लिहितात. घरच्या मेकॅनिकला याहून सोपं काही नाही. पण जिप्सी सुरुवातीला 970 सीसीची होती, नंतर 1300 ची आली. नाव तेच म्हणून पुस्तक चालेल असं नाही. इंजिन बघूनच घ्या.

माझी कसोटी एकच: पुस्तक जोडताना किती बोलतं? खोलणं कुणीही सांगतं, आणि पुढे ‘उलट क्रमाने बसवा’ लिहून मोकळं होतं. टायमिंग बेल्ट (पिस्टनच्या क्रँकला व्हॉल्व्हच्या कॅमशी जोडणारा पट्टा) चढवल्यावर क्रँक हाताने दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का बघा, हे लिहिलेलं पुस्तक खरं. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक होतो ना! मागच्या ब्रेक ड्रममध्ये कोणती स्प्रिंग कुठे, याचं सुटं चित्र हवंच. मी तर एका वेळी एकच चाक खोलतो, दुसरं नमुन्याला राहतं. यवतेश्वरचा घाट उतरायचाय, ब्रेकमध्ये अंदाज नको.

झेरॉक्स घेताना टॉर्कचं, म्हणजे कोणता बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचं पान दुकानातच वाचून बघा. तिथे एकच माप तीन एककांत असतं: 25 न्यूटन-मीटर, 2.5 किलोग्रॅम-मीटर, 18 पाउंड-फूट. दशांशाचा टिंब पुसट झाला की 2.5 चे 25 होतात, आणि आटे जातात.